शाळेजवळचा ओढा तपासताना: शिक्षकांसाठी सुरुवातीपासूनची वाट

शाळेत पाणी तपासायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, किट कुठलं घ्यायचं? माझं उत्तर दरवेळी तेच असतं: किट सगळ्यात शेवटी घ्या. आधी मुलांना घेऊन ओढ्याच्या काठाने चाला. वरून येणारं पाणी कसं आहे, वाटेत त्यात काय काय मिसळतं आणि खाली जाताना ते कसं होतं, हे मुलांनी पाहिलेलं असेल तर नंतरच्या प्रत्येक आकड्याला त्यांच्या डोक्यात जागा असते. नाहीतर पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी) ७.८ आला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३४० आला, वहीत लिहिला, झालं प्रोजेक्ट. ओढ्याबद्दल कुणालाच काही कळलेलं नसतं.

एका ठिकाणी एकदा घेतलेल्या आकड्यातून फारसं काही हाती लागत नाही. एकाच ओढ्यावर, एकाच सकाळी, वरच्या आणि खालच्या अंगाला घेतलेले दोन आकडे मात्र बोलायला लागतात. हा सगळा लेख त्या दोन आकड्यांपर्यंत नीट कसं पोचायचं याबद्दल आहे. पाचवी ते सातवीच्या मुलांनी निरीक्षण, किडे, तापमान आणि गढूळपणा एवढं केलं तरी पुरे. रसायनं आठवीपासून पुढे.

उदाहरणासाठी पुण्याची रामनदी घेतो. नाव नदीचं असलं तरी आकाराने ती मोठा ओढाच. मुळशी तालुक्यात भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या डोंगरात ती उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी करत औंधच्या बाजूला मुळा नदीला मिळते. एवढ्या थोड्या अंतरात मुलांना डोंगरातलं झिरपणारं पाणी, तलावात साठलेलं पाणी आणि शहराचं सांडपाणी पोटात घेऊन वाहणारं पाणी, तिन्ही बघायला मिळतं. तुमच्याकडे ओढा असेल, कोकणात पऱ्या किंवा वहाळ असेल, पद्धत तीच.

पहिली फेरी: हातात फक्त वही

मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडा आणि शाळेजवळून जाणारा ओढा उगमाकडे बोटाने मागे मागे नेत चला. कुठे वस्ती लागते, कुठे गोठे, कुठे उसाची शेतं, कुठे वीटभट्टी किंवा गाड्या धुण्याची जागा. मुलांना त्याचा हाताने नकाशा काढायला लावा. मग प्रत्यक्ष चाला. ओढ्याला येऊन मिळणारा प्रत्येक पाइप, प्रत्येक गटार त्या नकाशावर आलं पाहिजे. काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना थांबवून विचारा: इथे पूर्वी कपडे धुवायचे का, मासे-खेकडे कुठले मिळायचे, उन्हाळ्यात पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकायचं? ही माहिती कुठल्याच किटमध्ये मिळत नाही.

या फेरीतून तीन ठिकाणं निवडा. पहिलं वस्तीच्या वर, जिथे अजून काही मिसळलेलं नाही. दुसरं, मोठा नाला मिळतो त्याच्या खाली, पण अगदी तोंडाशी नको. तोंडाशी दोन पाणी शेजारी शेजारी वाहत असतात, अजून एक झालेली नसतात, आणि बाटली दोन हात इकडे-तिकडे बुडवली तरी उत्तर बदलतं. शे-दीडशे मीटर खाली या, पाण्याचा रंग काठापासून काठापर्यंत एकसारखा दिसला की तिथे थांबा. तिसरं ठिकाण आणखी एखादा किलोमीटर खाली, मध्ये नवीन काही मिसळत नसेल असं. ओढा स्वतःला कितपत सावरतो ते या तिसऱ्या ठिकाणी दिसतं.

तिन्ही ठिकाणी पाणी वाहतं असावं आणि तळ साधारण सारखा असावा. एका ठिकाणी खडकावरून खळाळणारं पाणी आणि दुसऱ्या ठिकाणी बंधाऱ्यामागचा डोह घेतला तर फरक प्रदूषणाचा की डोहाचा, हे ठरवता येणार नाही.

मुलांची सुरक्षितता

पालकांचं लेखी संमतीपत्र, मुख्याध्यापकांची परवानगी आणि ग्रामपंचायतीला किंवा वॉर्ड ऑफिसला आधी कळवणं, हे तिन्ही कागद फायलीत हवेत. दर आठ-दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. गुडघ्याच्या वर पाण्यात कुणीही उतरायचं नाही. शिक्षकांनीसुद्धा नाही, कारण मुलं तुमचंच बघून करतात.

पावसाळ्यात ओढ्यात उतरायचंच नाही. आपल्या माथ्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात कोसळत असतं, अशा वेळी ओढा बघता बघता चढतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने माणसं गेली, घरं आणि गाड्या वाहून गेल्या. एरवी जो ओढा उडी मारून ओलांडता येतो त्याची ही ताकद. पावसाळी नमुना हवाच असेल तर पुलावरून दोरी बांधलेली बादली सोडा.

दुसरी भीती लेप्टोस्पायरोसिसची. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून येणारे हे जंतू पायावरच्या साध्या खरचट्यातूनही शरीरात शिरतात. कोकणात आणि मुंबईत दर पावसाळ्यात याचे रुग्ण सापडतात. ज्याच्या हातापायावर जखम आहे त्या मुलाला काठावर नोंदीचं काम द्या, ते कामही तितकंच महत्त्वाचं आहे. सगळ्यांच्या पायात गमबूट किंवा पट्ट्याचे सँडल, हातात रबरी हातमोजे. तपासणी संपून साबणाने हात धुतल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत. पुढच्या महिनाभरात कुणाला ताप आला तर पालकांनी डॉक्टरांना ओढ्याच्या भेटीबद्दल सांगावं, हे संमतीपत्रातच लिहून ठेवा.

महिना निवडायचा तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाणी निवळलेलं असतं, वाहतं असतं आणि ऊनही सोसतं. आपल्याकडचे बरेच ओढे मार्चनंतर आटतात, आणि मग जे वाहताना दिसतं ते बहुतेक वेळा निव्वळ सांडपाणी असतं. एप्रिलमध्ये ओढ्याला भरपूर पाणी दिसलं तर आनंदाआधी ते आलं कुठून, हे मुलांना शोधायला सांगा.

सामानाची यादी

स्पिरिटचा थर्मामीटर (पाऱ्याचा नको, फुटला तर पारा ओढ्यात जातो), मोजपट्टी, दोरी, स्टॉपवॉच म्हणून मोबाइल, पांढरा ट्रे, लांब दांड्याची जाळी, चमचे आणि जुने रंगकामाचे ब्रश, प्लास्टिकच्या स्वच्छ बाटल्या, पीएच पट्ट्या, टीडीएसचा पेन-मीटर, अमोनिया आणि नायट्रेटच्या पट्ट्या किंवा थेंबांचं किट, विरघळलेल्या ऑक्सिजनचं किट. पेन्सिली विसरू नका, ओल्या हातात पेनाची शाई पसरते. आणखी एक रिकामा कॅन हवा, त्यावर मोठ्या अक्षरात ‘रसायनांचा कचरा’ असं लिहायचं. वापरलेलं प्रत्येक रसायन त्यात जाईल. पाणी तपासायला येऊन त्याच पाण्यात रसायन ओतणं मुलांच्या डोळ्यांदेखत तरी होऊ नये.

खर्चाची अडचण असेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. जल जीवन मिशनखाली गावागावात पाणी तपासणीची फील्ड किट दिली आहेत आणि ती वापरायला गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण देण्याची योजना आहे. त्यांच्यापैकी एखादी ताई किंवा गावच्या पाण्यावर लक्ष ठेवणारे जलसुरक्षक शाळेत येऊन दाखवायला तयार झाले तर मुलांना फार चांगला शिक्षक मिळतो. ही किट पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली असतात. ओढ्याच्या घाण पाण्यात रंग मोजपट्टीच्या बाहेर जातो, तेव्हा नमुना स्वच्छ पाण्यात दहापट पातळ करून पुन्हा तपासावा आणि उत्तराला दहाने गुणावं.

डोळे आणि नाक

ठिकाणी पोचल्यावर पाच मिनिटं कुणी काही मोजायचं नाही. बघायचं, वास घ्यायचा (वाकून तोंड पाण्याजवळ न्यायचं नाही), आणि लिहायचं. शब्द मुलांचेच असू द्या: कुजक्या अंड्यासारखा वास, साबणासारखा वास, मातीचा वास. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे तळाशी ऑक्सिजन संपला आहे आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय. काळा गाळ त्याचाच सोबती. जलपर्णीने पाणी झाकलं असेल तर पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरसचा मारा आहे, म्हणजे सांडपाणी किंवा खतं.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की मुलं ओरडतात, ‘तेल!’ अशा वेळी काडीने तो तवंग मोडा. तेल असेल तर मोडलेली जागा पुन्हा भरून येते, तवंग वळसे घेत एकत्र होतो. काचेसारखे तुकडे होऊन ते तसेच राहिले तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा थर असतो. ते प्रदूषण नव्हे. जांभ्या दगडाच्या प्रदेशात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, गोव्यात, झऱ्यांच्या तोंडाशी नारिंगी गाळासोबत असा थर नेहमी दिसतो. एका काडीची ही चाचणी मुलं आयुष्यभर विसरत नाहीत.

किडे खरी साक्ष देतात

माझ्या मते सगळ्या तपासणीतला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि शाळांमध्ये नेमका हाच गाळला जातो. मीटर त्या क्षणाचं सांगतो. रात्री कुणी टँकर ओतून गेला आणि सकाळपर्यंत पाणी वाहून गेलं तर मीटरला पत्ताही लागत नाही. दगडाखालचा किडा मात्र तिथे कित्येक आठवडे राहतोय. तो जिवंत आहे याचाच अर्थ एवढे दिवस पाणी त्याला सोसवलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच तत्त्वावर, तळाशी राहणाऱ्या अपृष्ठवंशी जिवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत आखली आहे.

कृती सोपी आहे. खळाळत्या उथळ जागी एकाने जाळी तळाला टेकवून धरायची, तोंड उगमाकडे. दुसऱ्याने जाळीच्या वर हातभर अंतरावर उभं राहून बुटाने तळ एक मिनिट घुसळायचा. सुटलेले किडे प्रवाहाबरोबर जाळीत येतात. जाळी थोडं पाणी घातलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करा आणि दोन मिनिटं हात लावू नका. आधी नुसता कचरा दिसतो. मग कचरा चालायला लागतो. अशा तीन जागा घुसळा, मुठीएवढे चार-पाच दगड उचलून त्यांचा तळही बघा, आणि दगड होते तसेच परत ठेवा.

ओळखायला तीन गट करा.

स्वच्छ, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्याची खूण म्हणजे स्टोनफ्लायची पिल्लं: शेवटी दोन शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या. मेफ्लायच्या पिल्लांना बहुधा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले हलताना दिसतात. कॅडिसफ्लायच्या अळ्या वाळूचे कण, पानांचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर बांधतात. काडीचा तुकडा म्हणून मुलं जे फेकून देतात ते बऱ्याचदा हे घर असतं. सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या ओढ्यांत हे तिन्ही सापडू शकतात.

मधल्या गटात चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक अंगाचा कीटक) यांची पिल्लं, खेकडे, शिंपले. पाणी थोडं बिघडलेलं असलं तरी यांचं चालतं.

तिसऱ्या गटाला ऑक्सिजन कमी असला तरी फरक पडत नाही. रक्तासारख्या लाल अळ्या, ज्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या लाल. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाद्य म्हणून मिळतात ते ट्युबिफेक्स किडे. आणि लांब शेपटीसारखी श्वासनळी पाण्याबाहेर काढून जगणारी अळी. एखाद्या ठिकाणी फक्त हेच असतील, भरपूर असतील आणि दुसरं काहीच नसेल, तर निकाल लागलेलाच आहे. पहिल्या गटातलं काही मिळत असेल आणि सोबत लाल अळ्याही असतील तर घाबरू नका, थोड्या लाल अळ्या स्वच्छ ओढ्यातही असतात. पाण्यावर धावणारे लांब पायांचे किडे या मोजणीत धरू नका. ते हवेतला श्वास घेतात, पाण्यात ऑक्सिजन किती याच्याशी त्यांचं देणंघेणं नाही.

एकूण किडे किती यापेक्षा प्रकार किती हे महत्त्वाचं. मोजून, फोटो काढून झाले की सगळे जीव त्याच जागी सोडा.

तापमान, गढूळपणा, प्रवाह

थर्मामीटर वाहत्या पाण्यात, सावलीत, दोन मिनिटं धरा आणि पाण्यात असतानाच वाचा. गढूळपणासाठी दोन-अडीच फुटांची पारदर्शक नळी घ्या, एक टोक बंद करून आत तळाला काळी-पांढरी चकती चिकटवा. वरून बघत बघत पाणी ओता, चकती दिसेनाशी झाली की थांबा आणि पाण्याची उंची मोजा. उंची जितकी कमी तितकं पाणी गढूळ. डोळ्यावर चष्मा-गॉगल नको, बघणारं मूल तिन्ही ठिकाणी एकच हवं.

प्रवाहाला एक संत्रं पुरतं. दहा मीटर सरळ पात्र मोजा, संत्रं सोडा, वेळ घ्या. तीनदा करून सरासरी काढा. समजा २५ सेकंद लागले, म्हणजे वेग सेकंदाला ०.४ मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं म्हणून ०.८५ ने गुणा: ०.३४. पात्र २ मीटर रुंद आणि सरासरी १५ सेंटिमीटर खोल असेल तर छेद ०.३ चौरस मीटर. गुणाकार ०.१०२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १०० लिटर. हे गणित फळ्यावर करून ठेवा, याचा उपयोग पुढे आहे.

बाटली भरायची रीत

बाटल्यांवर ठिकाण, तारीख, वेळ आणि गट आधीच लिहून न्या. पाण्यात उगमाकडे तोंड करून उभं राहायचं आणि बाटली स्वतःच्या पुढे बुडवायची, म्हणजे पायाने उठलेला गाळ आत येत नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, विसळलेलं पाणी मागे फेका. मग पृष्ठभागाच्या खाली, तळाच्या वर, मधल्या पाण्यात भरून घ्या. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही. ती बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवायची.

पीएच आणि टीडीएस

पीएच शिकवायला आदल्या दिवशी वर्गात जास्वंदीच्या पाकळ्यांचा काढा करा. लिंबाच्या रसात तो गुलाबी-लाल होतो, सोड्याच्या पाण्यात हिरवट. त्यानंतर पट्टी हातात दिली की ती जादू वाटत नाही. पीएच मीटर वापरत असाल तर ४, ७ आणि ९.२ च्या बफर गोळ्या मिळतात (पाण्यात विरघळवल्या की नेमका तेवढा पीएच देणाऱ्या), निघण्याआधी त्यांच्या पाण्यात मीटर बरोबर आकडा दाखवेल असा लावून घ्या. आपल्या ओढ्यांचा पीएच बहुतेक ६.५ ते ८.५ च्या आत येतो. फार शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी तो वर चढलेला दिसतो, कारण शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. तेव्हा कारखान्याला दोष देण्याआधी घड्याळ बघा.

टीडीएसचा पेन-मीटर काही शे रुपयांत मिळतो आणि त्याच्याबद्दल गैरसमज सगळ्यात जास्त आहेत. पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणाऱ्यांनी घरोघरी तो बुडवून दाखवल्यामुळे टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं, असं लोक धरून चालतात. मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, तोही विजेच्या वहनावरून. जंतू त्याला दिसत नाहीत, कीटकनाशक दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. खोल बोअरच्या निरोगी पाण्याचा टीडीएस सांडपाण्याइतका असू शकतो. ओढ्यावर त्याचा उपयोग एकच, पण छान आहे: चालत चालत दर पन्नास पावलांवर मीटर बुडवा. आकडा अचानक उडी मारेल तिथे काहीतरी मिसळतंय. काठावरच्या गवतात लपलेला पाइप मुलं अशी शोधून काढतात.

विरघळलेला ऑक्सिजन

एकच रासायनिक चाचणी करण्याएवढे पैसे असतील तर ही करा. मासे, किडे, सगळे यावर जगतात आणि सांडपाणी सगळ्यात आधी याच्यावर घाला घालतं. मलमूत्र, खरकटं कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात.

पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये ९.१ मिलिग्रॅम, २५ ला ८.३, ३० ला ७.६. पुण्यासारख्या उंचीवर याहून सहा-सात टक्के कमी. म्हणून तापमान न लिहिता घेतलेला ऑक्सिजनचा आकडा अर्धवट राहतो.

विंकलरची पद्धत १८८८ पासून चालत आली आहे आणि शिकवायला आजही तिच्यासारखी दुसरी नाही. काचेची, घट्ट बुचाची ३०० मिलिलिटरची बाटली (दुकानात ‘बीओडी बाटली’ म्हणून मिळते) पाण्याखालीच, एकही बुडबुडा न ठेवता भरायची. पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड प्रत्येकी २ मिलिलिटर घालायचं, बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका (हळूहळू तळाशी बसणारा गाळ) बनतो. नसेल तर साका पांढराच राहतो. खाटपेवाडीसारख्या ठिकाणची तपकिरी बाटली आणि सांडपाण्याच्या नाल्यातली पांढरट बाटली शेजारी शेजारी उभ्या केल्या की पुढचं टायट्रेशन (थेंबाथेंबाने रसायन घालून ऑक्सिजन मोजणं) न करताही मुलांना समजतं. टायट्रेशन शाळेत करा: २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवा, २०० मिलिलिटर नमुना घ्या, ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडा. रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घाला, निळा रंग गेला की थांबा. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन दर लिटरमध्ये. आम्ल शिक्षकांनीच हाताळायचं, चष्मा आणि हातमोजे घालून. हे जमणार नसेल तर गोळ्यांचं किंवा थेंबांचं तयार किट घ्या.

वेळ पाळा. शेवाळाने भरलेलं पाणी दुपारी उन्हात इतका ऑक्सिजन बनवतं की आकडा उत्तम येतो, आणि त्याच पाण्यात पहाटे मासे मरतात. तिन्ही ठिकाणं सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान उरका, आणि पुढच्या वेळीही हीच वेळ धरा.

हौशी वर्गाने बीओडीही, म्हणजे घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याची चाचणी, करून बघावी. एकाच पाण्याच्या दोन बाटल्या भरा, एक त्याच दिवशी तपासा, दुसरी बूच लावून अंधाऱ्या कपाटात तीन दिवस ठेवून मग तपासा. दोन्हींतला फरक म्हणजे जिवाणूंनी खाल्लेला ऑक्सिजन. भारतीय प्रयोगशाळा हीच चाचणी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून करतात.

अमोनिया, नायट्रेट आणि जंतू

ताज्या सांडपाण्यात अमोनिया असतो. ऑक्सिजन मिळाला की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. त्यामुळे अमोनिया जास्त आणि ऑक्सिजन कमी दिसला तर घाण जवळच मिसळतेय. नायट्रेट जास्त पण अमोनिया नाही, तर ती जुनी आहे, किंवा शेतातल्या खतांची आहे. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम.

जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची छोटी बाटली मिळते. भारतीय संशोधकांनी १९८२ मध्ये ही सोपी पद्धत मांडली. पाणी भरून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं, काळं पडलं तर विष्ठेच्या दूषिततेची शक्यता. ओढ्याचं पाणी बहुतेक ठिकाणी काळं पडणारच, त्यातून नवीन काही कळत नाही. ही बाटली शाळेचा नळ, हातपंप आणि गावची विहीर यांच्यासाठी वापरा. काळी झालेली बाटली शिक्षकांनी ब्लीचिंग पावडरचं पाणी घालून तासभर ठेवावी आणि मगच ओतावी.

आकडा खरा आहे का?

प्रत्येक मोजमाप दोन गटांनी एकमेकांना न सांगता करायचं. जुळलं तर सरासरी घ्या, नाही जुळलं तर तिसऱ्यांदा मोजा. न जुळलेले आकडे खोडायचे नाहीत, वहीत तसेच राहू द्या. बाटलीबंद पाण्याचा एक नमुना चिठ्ठी बदलून मध्येच घुसवा, मुलं त्यात अमोनिया शोधून काढतात का बघा. ‘अपेक्षित’ उत्तर लिहिण्याची सवय आपणच परीक्षांमधून लावलेली असते, ती इथे मोडावी लागते.

आता वाचन. समजा वरच्या ठिकाणी ऑक्सिजन ७.२, टीडीएस १६०, अमोनिया शून्य आला. मधल्या ठिकाणी १.८, ४२० आणि भरपूर अमोनिया. खालच्या ठिकाणी ऑक्सिजन ४.५, टीडीएस ४१०, अमोनिया थोडा, नायट्रेट वाढलेलं. यात गोष्ट सरळ आहे: मध्ये सांडपाणी आलं, खडकांवरून आपटत जाताना पाण्याने हवा घेतली, अमोनियाचं नायट्रेट झालं. क्षार मात्र कुठे जात नाहीत, म्हणून टीडीएस तसाच. तोच टीडीएस खाली २०० वर आला असता तर ओढा सावरला म्हणायची घाई करू नका. मध्ये स्वच्छ पाण्याचा झरा मिळून घाण पातळ झाली असेल. इथे प्रवाहाचं गणित कामी येतं: दर लिटरमधला आकडा गुणिले सेकंदाचे लिटर. दोन्ही ठिकाणी गुणाकार सारखा आला तर घाण तितकीच आहे, पाणी वाढलंय.

तुलनेला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याच्या वापरानुसार केलेले वर्ग वापरा. आंघोळीच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त आणि बीओडी ३ किंवा कमी हवी. मासे आणि वन्यजीवांसाठी ऑक्सिजन किमान ४. पण शाळेच्या तपासणीवरून ‘हे पाणी पिण्यायोग्य आहे’ असं कधीही लिहू नका, मुलांना म्हणूही देऊ नका. ते फक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळा सांगू शकते. जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, एखादा नमुना तिथे देऊन आपल्या आकड्यांशी ताडून पाहा. मोठ्या नद्यांचे आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रसिद्ध करतं, आपला ओढा ज्या नदीला मिळतो तिचे आकडे मुलांना शोधायला लावा.

मग कागद कुणाकडे न्यायचा?

एक पान पुरे. वर हाताने काढलेला नकाशा, खाली तीन ठिकाणांचे आकडे आणि किड्यांचे फोटो, आणि एक नेमकी मागणी: अमुक ठिकाणचा पाइप ओढ्यात सुटतो, तो गटाराला जोडावा. ‘ओढा स्वच्छ करा’ या मागणीवर कुणीच काही करू शकत नाही. व्यक्तीचं किंवा दुकानाचं नाव लिहू नका, जागा लिहा. मुलं त्याच गावात राहतात, भांडण त्यांच्या दारात जाता कामा नये. पानावर शिक्षक आणि मुख्याध्यापकांची सही असावी.

शहरात हे पान वॉर्ड ऑफिसला आवक क्रमांक घेऊन द्या. गावात ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तपासणी केलीत तर २६ जानेवारीची सभा बरोबर हाताशी येते. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) आठवडाभर आधी भेटून विषयपत्रिकेवर दहा मिनिटं मागून घ्या, आणि सांगायला मुलांनाच उभं करा, ऑक्सिजनच्या चाचणीतल्या तपकिरी आणि पांढरट अशा दोन्ही बाटल्या घेऊन. काय झालं ते वहीत लिहा, अगदी काही झालं नाही तरी. तीच वही, तीच तीन ठिकाणं आणि ती कशी सापडतील याच्या खुणा जूनमध्ये पुढच्या वर्गाच्या हाती द्या.